नॉब पिळायचा नाही, ओढायचा

आमच्या जावयाला एक वाईट खोड आहे. दुसऱ्यानं केलेलं काम तो आपलं म्हणून सांगतो, आणि इतकं रंगवून सांगतो, की करणाऱ्यालाच वाटावं, आपण तिथं नव्हतोच.

मी चार बुकं शिकले, तीही अर्धीमुर्धी. पण रेडिओच्या कारखान्यात सव्वीस वर्षं सोल्डर मारलंय, म्हणजे कथील वितळवून जोड दिलेत. तपकिरी, काळा, पिवळा असे पट्टे दिसले की रेझिस्टरचा आकडा माझ्या डोळ्यांपुढं उभा राहतो. तिथं प्रत्येक बाई आपण केलेल्या जोडावर आपल्या रंगाचा ठिपका द्यायची. चूक निघाली तर कोणाची, ते कळावं म्हणून. माझा तांबडा, नेलपॉलिशचा. आयुष्यात नखाला लावलं नाही, बाटल्याच्या बाटल्या जोडांनाच लावल्या.

इलेक्ट्रिक गिटार माझ्या थोरलीची. ती वाजवायला बसली की माझी हातातली भाजी चिरायची राहायची. लग्न झालं आणि जावई म्हणाला, "एका घरात दोघं वाजवायला लागलो तर शेजारी घर सोडतील." म्हणजे त्यानं वाजवायची आणि हिनं ऐकायची. गिटार त्याच्या खांद्याला गेली ती तीन वर्षं तिथंच. पोरगी बापावर गेलीय, गिळते. मी गिळत नाही, मी चावते.

गेल्या वर्षी ती गिटार पोटात माश्या भरल्यासारखी गुणगुणायला लागली. आवाजाचा नॉब जरा खाली आणला की सूर गोधडीखाली गेल्यासारखा दबायचा. जावई ती घेऊन आला. "आई, बघता का जरा? नाहीतरी रिकाम्याच असता."

रिकामी!

मी मागचं झाकण काढलं. आत नुसता गुंता. पोकळीला तांब्याची चिकटपट्टी लावली, तिचे सांधे सोल्डरनं भरले, अर्थिंगच्या सगळ्या वायरी एका जागी आणल्या. तारा जिथं अडकवतात त्या पट्टीची अर्थिंग तुटलेली होती, ती जोडली. आवाजाच्या नॉबच्या दोन पायांवर तांदळाएवढा कपॅसिटर आणि एक रेझिस्टर बसवला, म्हणजे आवाज कमी केला तरी सुराची धार जायला नको. जोडाजोडावर तांबडा ठिपका. माश्या गेल्या. त्यानं वाजवून बघितली आणि म्हणाला, "बरं झालंय."

पुढं वाद्यांच्या दुकानाबाहेर एक पोस्टर लागलं. 'घरच्या घरी वायरिंग बदला, गिटारचा आवाज खुलवा. येत्या रविवारी दुकानातच प्रात्यक्षिक.' खाली जावयाचा फोटो, हातात स्क्रू-ड्रायव्हर. धरला होता टूथब्रशसारखा.

मी पोरीला विचारलं, "वायरिंग कोणी केलं म्हणून सांगतो तो?"

"स्वतः केलं म्हणून."

"आणि तू ऐकून घेतलंस?"

"मी म्हटलं, आईचं नाव सांगा. तर म्हणाले, सासूनं केलं म्हटलं तर लोक हसतील." मग खाली बघून म्हणाली, "आई, जाऊ दे ना."

माझ्या कामाचं मी जाऊ दिलं असतं, कदाचित. पण पोरगी बोलताना डाव्या हाताची बोटं टेबलावर तारा दाबल्यासारखी दाबत होती. ते मात्र मी जाऊ देणार नव्हते. गिटार तिच्या हातात परत आणायची, आणि आणताना याची जिरवायची, हे तिथंच ठरलं.

कार्यक्रमाच्या तीन दिवस आधी स्वारी स्वतःच दारात हजर. "आई, आतलं सगळं घट्ट करून ठेवा. लोकांना उघडून दाखवायचंय. रविवारी जाता जाता नेईन."

मी एक नॉब बदलला. नवा दिसायला जुन्यासारखाच, पण वर ओढला जाणारा. तारांखाली सूर पकडणारे दोन पिकअप असतात; नॉब खाली दाबलेला असला की त्यातल्या एकाच्या दोन वायरी उलट्या व्हाव्यात, असा जोडला. एकेकटा पिकअप नीट बोलणार. दोन्ही एकदम लावले की एक ढकलणार, दुसरा खेचणार, आणि उरणार ती डासाची गुणगुण. नॉब वर ओढला की सगळं सरळ. जावई वाजवतो ते दोन्ही लावूनच, आणि नॉब दिसला की पिळतो. ओढून बघणं त्याच्या स्वभावातच नाही.

पोरीला बोलावून दाखवलं. तिनं ओढून बघितला, दाबून बघितला. "आई, तू दुष्ट आहेस गं."

"आहेच. ध्यानात राहील ना?"

रविवारी दुपारी दुकान भरलं होतं. आम्ही दोघी पहिल्या रांगेत, पर्स माझ्या मांडीवर. जावई अर्धा तास बोलला. झाकण उघडून सगळ्यांना आतलं दाखवलं. एकानं विचारलं, "हे तांबडे ठिपके कसले?"

"ते... उष्णता कळावी म्हणून असतात."

मी खोकले.

मग त्यानं दोन्ही पिकअप लावले आणि ऐटीत हात मारला. डास! त्यानं नॉब पिळला. दुसरा पिळला. अँपचा आवाज मोठा केला, तर डास मोठा झाला. मागून एक टकले गृहस्थ म्हणाले, "आता खुलणार का थोड्या वेळानं?" हशा पिकला.

दुकानदारानं सोल्डरिंग आयर्न तापवून पुढं केलं. "आमच्यासमोरच दुरुस्त करा ना. तेच तर शिकायला आलेत सगळे."

जावयानं ते धरलं थेट टोकाजवळ. "अहो, मागं धरा, मागं!" मी ओरडले म्हणून बोट वाचलं. अब्रू वाचवायला मी बांधील नव्हते.

घाम पुसत तो माझ्याकडं वळला आणि सगळ्यांदेखत बोलून गेला, "आई, तुम्ही आत काय करून ठेवलंय?"

"म्हणजे वायरिंग या बाईंनी केलंय?" दुकानदार म्हणाला.

जावई परत नॉब पिळायला लागला. मी पोरीला कोपरानं ढोसलं. ती उठली, त्याच्या खांद्यावरून पट्टा काढला, आपल्या खांद्यावर घातला. दोन बोटांनी नॉब वर ओढला आणि वाजवलं. बोटं अडखळली दोनदा. तिसऱ्यांदा नाही. मग कोणी खुर्चीसुद्धा सरकवली नाही.

तिचं संपल्यावर मी पर्समधली तांबडी बाटली काढून जावयाच्या पुढ्यात ठेवली.

"जावईबापू, हीच तुमची उष्णता. माझी चूक असेल तिथं मी माझा ठिपका ठेवते, लपवत नाही. तुम्हाला मुलगी दिली, तो जोडही माझ्याच हातचा. आणि सोल्डर केलेलं तापवलं की सुटतं, हे आयर्न अजून गरम आहे. गिटार आजपासून हिच्या खांद्यावर. तुम्हाला वाजवायची असली तर हिला विचारायचं. ही नाही म्हणाली, तर ऐकत बसायचं. रिकामेच असता नाहीतरी."