मिरजगावच्या वाचनालयातला धूर

गोरक्षने घडी मोडून पांढरा रुमाल रंभाजीच्या तोंडासमोर ताणून धरला.

"आता धूर सोडा, तात्या. या कापडातून."

रंभाजीने बिडीचा चांगला लांब झुरका घेतला आणि फुंकला. गोरक्षने रुमाल कंदिलासमोर धरला. मधोमध पिवळट तपकिरी डाग उमटला होता. वाचनालयात जमलेल्या सगळ्यांनी माना पुढे काढल्या.

"कापडात अडकलं ते दिसलं," गोरक्ष म्हणाला. "मास्तरांच्या छातीत जातं ते दिसत नाही."

सहादेव मास्तर कंदिलाशेजारी बसून चष्म्याची काच धोतराच्या सोग्याने पुसत होते. त्यांनी जन्मात बिडीला हात लावला नव्हता. लढाई पेटल्यापासून संध्याकाळच्या एसटीने नगरहून पेपर आला की ते तो मोठ्याने वाचून दाखवत. ऐकणाऱ्यांतल्या निम्म्यांना अक्षरओळख नव्हती, आणि रंभाजीचा धाकटा तर फौजेत, सीमेवर होता. उजेड बाहेर दिसू नये असा हुकूम होता, म्हणून खिडक्यांना गोणपाट ठोकलेलं आणि दार घट्ट लावलेलं. धूर आतल्या आत कोंडे. हल्ली मास्तरांचा दम एका बातमीलाही पुरत नव्हता. धुरात बसू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. "मग पेपर कोण वाचील?" एवढंच मास्तर म्हणाले होते. गोरक्षने एकदा वाचून पाहिला होता. तो नुकताच रसायनशास्त्र घेऊन बी. एस्सी. झालेला, उच्चार स्वच्छ; पण लोकांनी अदबीने ऐकून घेतलं आणि एकेक करत उठून गेले.

रंभाजीने डाग निरखला.

"आता ह्या श्रीमंतची बिडी लावून बग. हलकी असती. तिचा डाग कमी पडंल."

"कमी कशानं? माझी कडक हाय तुझ्यापरास," श्रीमंत म्हणाला.

"कडक म्हनं. पाला वढतो नुसता."

रुमाल हातोहात फिरला. थोड्या वेळाने त्यावर डागांची रांगोळी झाली होती, आणि कुणाचा गडद यावर वाद रंगला होता. खोलीत नेहमीपेक्षा जास्त धूर झाला. मास्तर खोकायला लागले तेव्हा कुठे वाद थांबला.

"ज्यांना वाटतं आत बिडी नको, त्यांनी हात वर करा," गोरक्ष म्हणाला.

त्याचा एकट्याचाच हात वर गेला. मास्तरांनीही केला नाही.

"माझ्यापायी नियम नको," ते म्हणाले. "पोरं लढाईवर आहेत यांची."

रंभाजीने ओशाळून बिडी विझवली. "मी इझवतो हो, मास्तर. पन सीमेचं नाव निगालं की हात आपसूक खिशात जातो. त्याला काय करू?"

दुसऱ्या दिवशी मास्तर पेपर उघडतायत तोच दार वाजलं. मास्तरांची बायको छबूबाई भिमाआजीचा हात धरून आत आली. भिमाआजी गावची सुईण. त्या खोलीतल्या जवळजवळ प्रत्येक डोक्याला पहिला हात तिचा लागला होता. तिच्यासमोर बिडी ओढायची छाती कुणाची नव्हती. कुणी वहाणेखाली चिरडली, कुणी गोणपाटामागे टाकली. रंभाजीने पेटती बिडी मुठीत दाबली आणि ओठ आवळून बसला.

"आजीला लढाईचं ऐकायचं हाय," छबूबाई म्हणाली. "रोज येनार हाय ती. म्होरं बसू द्या तिला."

गोरक्षकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. मास्तरांनी त्या दिवशी सगळा पेपर न थांबता वाचला, बाजारभावासकट. सीमेचं नाव निघालं तसा रंभाजीचा हात खिशात गेला आणि रिकामाच बाहेर आला.

मग भिमाआजी रोज येऊ लागली. पदर सावरून पुढे बसायची, मास्तरांच्या तोंडाकडे टक लावून.

एका संध्याकाळी छबूबाईला घरी काम निघालं, म्हणून आजीला पोचवायला गोरक्ष गेला. गावात सगळीकडे अंधार होता. त्याने विचारलं, "आजी, आजची बातमी चांगली होती, नाही?"

आजी चालतच राहिली. त्याने पुन्हा, कानाशी वाकून, मोठ्याने विचारलं.

"मला कुटं आयकू येतंय, बाबा," ती म्हणाली. "वरीस झालं कान गेल्याला. मास्तरचं त्वांड हालतंय तवर बसते. मोप वेळ हालतंय आता, न्हाई का?"

पारापाशी येऊन ती थांबली. कमरेची गाठ सोडून तिने एक बिडी काढली.

"काडी हाय का? छबूनं सांगितलंय, आत वढायची न्हाई. लई कळ काढून बसते बग."

गोरक्षने खिसा चाचपला. रुमालाच्या प्रयोगासाठी आणलेली काड्यापेटी अजून खिशातच होती. त्याने काडी ओढली, उजेड दिसू नये म्हणून दोन्ही तळव्यांचा आडोसा केला आणि वाकून ती आजीच्या तोंडाशी नेली.

आजीने झुरका घेतला. मान वळवून धूर पलीकडे सोडला, आणि दुसऱ्या हाताने गोरक्षला हळूच मागे सारलं.

"तू लांब हो जरा," ती म्हणाली. "डाग पडतो म्हनं."