बत्तिसावं पान

अमरावतीच्या एका बालपुस्तकांच्या प्रकाशनात वर्षाली बारा वर्षं संपादक होती. दुसऱ्यांच्या गोष्टींना कात्री लावताना तिचा हात कधी अडखळला नाही. या वेळी मात्र गोष्ट तिची स्वतःची होती. पहिलीच कादंबरी, दीडशे पानांची. तीन मैत्रिणींनी वाचून "छान आहे" असं कळवलं, पण तिचा विश्वास बसला नाही. कंटाळवाण्या हस्तलिखिताबद्दल ती स्वतः लेखकांना हेच म्हणायची.

खरं सांगेल असा एकच माणूस होता, आणि तो तिच्याशी बोलत नव्हता. अकोल्याचे शालिकराम गुरुजी. दोन वर्षांपूर्वी तिने त्यांच्या पुस्तकातली चाळीस पानं काढली होती. पुस्तक खपलं, पण गुरुजींनी त्यानंतर फोन उचलला नाही.

एका रविवारी ती एसटीने अकोल्याला गेली आणि त्यांच्या दारात उभी राहिली.

दार दुर्गाबाईंनी, गुरुजींच्या बायकोने उघडलं. "ये वं माय," म्हणत त्यांनी तिला आत घेतलं. गुरुजी पेपरातून डोकं काढेनात.

"काहून आली?" त्यांनी विचारलं.

"माझी गोष्ट वाचाल का, सर? कुणी खरं सांगत नाही."

गुरुजींनी पेपर खाली ठेवला. "खरं आयकाची हिंमत हाय?"

"नाही. म्हणूनच तुमच्याकडे आले."

त्यांनी चष्मा पुसला, कागद घेतले आणि वाचायला बसले. दुपारचं जेवण झालं, चहा झाला. वर्षाली दुर्गाबाईंसोबत तुरीच्या शेंगा सोलत बसली, पण कान गुरुजींच्या पानांच्या आवाजाकडे.

चार वाजता त्यांनी हाक मारली. "तुही गोष्ट बत्तिसाव्या पानावर सुरू होते. पोरगी संत्र्याच्या ट्रकात झोपते अन् भलत्याच गावात जागी होते, तिथं. त्याच्या आधी नुसता बगीचा हाय. बगीच्यात कोणालेच काही होत नाही."

वर्षालीचा आवाज बारीक झाला. "सर, तो शेंदूरजनाघाटचा आमचा संत्र्याचा बगीचा आहे. त्यात बाबा आहेत. आता फक्त तिथेच आहेत."

गुरुजींनी कागद खाली ठेवले. मग म्हणाले, "मले माईत हाय कसं वाटते ते. तू माह्ये पानं काढले, त्यात माहा भाऊ व्हता." मग पुढे वाकून हळूच म्हणाले, "पण लेकराईले त्या पानाईची कमी जाणवली नाही. मी शाळेत वाचून पाह्यलं. तुले सांगाची लाज वाटली, म्हणून फोन उचलला नाही."

"मग बाबांचं काय करू?"

"ट्रकात बसव त्याईले. ट्रक कोण चालवून राह्यलं, ते तू लिहिलंच नाही."

परतीच्या एसटीत तिने वही काढली. मूर्तिजापूर येईपर्यंत ट्रकवाल्याला बाबांचा खोकला मिळाला होता, आणि संत्र्याची साल न तोडता सोलायची त्यांची सवयही. एकतीस पानं गेली. बाबा मात्र आता शेवटपर्यंत गोष्टीत होते, आणि पूर्वीपेक्षा जास्त बोलत होते.

छापायला देण्याआधी ती पातूरच्या एका शाळेत गोष्ट वाचायला गेली. गुरुजीही आले आणि मागच्या रांगेत मुलांसारखेच मांडी घालून बसले. ट्रक सुरू झाला तसा वर्ग शांत झाला. चौदाव्या पानापाशी वर्गातली एक मुलगी कंटाळून शेजारणीची वेणी घालू लागली. वर्षालीने वाचता वाचताच समासात पेन्सिलीने खूण केली. मागे गुरुजींनीही तिथेच मान हलवली.

मधल्या सुट्टीची घंटा झाली. दोघं-तिघं उठले आणि दाराशीच थांबले.

"मॅडम, वाचा ना पुढं," एकजण म्हणाला. "डबा मंग खातो."

वर्षालीने पान उलटलं.