दहा चुकलेल्या खुंट्या

मित्रांनो, माझ्या अंगावर दोनशे चौसष्ट भोके आहेत. ती वाळवीने पाडलेली नाहीत. एका सुताराने फूटपट्टी लावून, गिरमिटाने, दोन दिवसांत पाडली. मी एक जुना लाकडी फळा आहे. फळा म्हटले की तुम्हाला खडू आठवेल. पण माझ्यावर कोणी कधी खडूने लिहिले नाही. माझ्यावर रंगीत खुंट्या बसत. आपण निवडून दिलेल्या आमदारांनी विधानसभेत कोणत्या बाजूने मत दिले, हे त्या खुंट्यांवरून रस्त्यावरच्या माणसांना कळे.

त्याआधी मी एका औषधदुकानाचा काउंटर होतो. दुकान बंद पडले तेव्हा मापकाकांनी मला विकत घेतले. मापकाका सरकारी वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानदारांची वजने तपासता तपासता ते निवृत्त झाले, पण तपासायची सवय निवृत्त झाली नाही. त्यांची थोरली बहीण, म्हणजे अक्का, न्यायालयात लघुलेखिका होती. दोघांनी मिळून एका खोलीत ग्राहक संघ काढला, काका त्याचे सचिव. खोलीला रस्त्याकडे मोठी काचेची खिडकी होती आणि खिडकीसमोर बसथांबा.

"आमदार काय बोलले ते पेपरात येतं," काका सुताराला म्हणाले. "मत कुठे दिलं, ते येत नाही. मला ते लोकांना बस येईपर्यंत वाचता यायला हवं."

सुताराने मला अकरा आडव्या ओळी आखल्या, कारण आमच्या भागातून अकरा आमदार निवडून जात. प्रत्येक ओळीत चोवीस भोके, एकेका मतदानासाठी एकेक. झाडूचे दांडे कापून त्याने खुंट्या केल्या आणि तीन डब्यांत बुडवल्या. ग्राहकाच्या आणि उघड्या कारभाराच्या बाजूने मत दिले तर हिरवी, विरोधात दिले तर लाल, गैरहजर असेल तर पांढरी.

"काका, सोंगट्यांचा डाव दिसतोय हा," सुतार म्हणाला.

"डावच आहे. फक्त आजवर आपल्याला पट बघायला मिळत नव्हता."

मग मला खिडकीत उभे केले. माझे तोंड रस्त्याकडे आणि पाठ खोलीकडे. त्यामुळे मित्रांनो, रस्त्यावरच्या माणसांचे चेहरे मी पाहिले आणि खोलीतल्या माणसांचे फक्त आवाज ऐकले.

कामाची पद्धत कडक होती. सभागृहात बहुतेक प्रश्न आवाजावर सुटतात. होयवाले ओरडतात, नाहीवाले ओरडतात, आणि ज्यांचा आवाज मोठा ते जिंकतात. तेव्हा कोणाचे मत कुठे गेले, हे कुठेच लिहिले जात नाही. पण एखादा सदस्य उठून मतविभागणी मागतो. मग होयवाले एका दाराने बाहेर जातात, नाहीवाले दुसऱ्या दाराने, आणि नावे लिहून घेतली जातात. ती नावे कामकाजाच्या छापील प्रतीत येतात. प्रत हाती यायला दहा दिवस लागत. अक्का ती मोठ्याने वाचत, काका खुंटीच्या टोकाला सरस लावून ती ठोकत. सरस लावायचे कारण असे, की पहिल्याच वर्षी एक आमदारसाहेब स्वतः आले होते.

"ती एवढी लाल काढून टाका हो. त्या दिवशी माझ्या लक्षातच आलं नाही कशावर मत चाललंय."

"मग तसं लिहून द्या," अक्का म्हणाल्या. "खुंटीखाली चिकटवते."

साहेबांनी लिहून दिले नाही. त्या संध्याकाळी काकांनी माझ्या चौकटीवर रंगाने लिहिले, 'लावलेली खुंटी काढली जाणार नाही.' पाच वर्षांनी नवी निवडणूक झाली की मगच पाठीमागून ठोकून सगळ्या खुंट्या पाडत.

चौदा वर्षे असे चालले. बस थांबली की ड्रायव्हर मान वळवून मला बघे. थांब्यावरची माणसे माझ्यासमोर वाद घालत.

"आपला डॉक्टर परत पांढरा!"

"इथे कधी दिसला नाही, तिथे कुठून दिसणार?"

एखाद्याची सलग तीन हिरवी झाली की लोक कौतुकाने काचेवर बोट टेकवत. माझे सगळ्यांनी कौतुक केले. बाहेरगावची माणसे मला पाहायला येत. मला त्याचा अभिमान होता, हे मी लपवत नाही. काकांनाही होता, आणि तिथेच घात झाला.

त्या वर्षी सभागृहात एक विधेयक आले होते. खाणावळी, बेकऱ्या, पाण्याच्या बाटल्या भरणारे कारखाने यांची सरकार तपासणी करते. त्या तपासणीचा अहवाल सरकारी कपाटात न ठेवता त्या त्या दुकानाच्या दारावर लावावा, एवढेच त्यात म्हटले होते. या विधेयकासाठी काका आणि अक्का सहा वर्षे झगडले होते. मतदान झाले त्या दिवशी अक्का डोळ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होत्या. दुपारी फोन वाजला. सभागृहातला एक ओळखीचा टंकलेखक बोलत होता. काका नावे विचारत गेले आणि तो उत्तरे देत गेला. होय, होय, होय. नऊ जणांचे होय. डॉक्टर गैरहजर. नर्सताई?

"नर्सताई नाही म्हणाल्या."

नर्सताई पहिल्यांदाच निवडून आल्या होत्या. त्याआधी बारा वर्षे सरकारी दवाखान्यात नर्स. त्यांच्या ओळीत तोवर एकही लाल नव्हती.

"नर्सताई नाही? नीट बघितलंस ना?" काकांनी विचारले.

"नाहीच्या दाराने गेल्या. मी स्वतः पाहिलं."

एका उभ्या रांगेत नऊ हिरव्या चौदा वर्षांत कधी आल्या नव्हत्या. छापील प्रतीची वाट काकांनी पाहिली नाही. पाच वाजायच्या आत सतराव्या उभ्या रांगेत नऊ हिरव्या, एक पांढरी आणि एक लाल खुंटी सरस लावून बसली. थांब्यावर टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी हिरवी मिळालेल्या एका आमदारांनी माझ्या शेजारी उभे राहून फोटो काढून घेतला.

नर्सताईंची आई रोज आमच्या थांब्यावरून शिवणाच्या दुकानात जात असे. त्या सकाळी तिच्या शेजारचा माणूस म्हणाला, "काय हो, तुमच्या लेकीलाच दारावरचा कागद नकोसा झाला? एकटीची लाल?"

बस आली, दार उघडले, दार मिटले, बस गेली. ती तिथेच उभी होती. मग काचेजवळ येऊन तिने ती ओळ पहिल्या भोकापासून सतराव्यापर्यंत बोटाने मोजली.

तिसऱ्या दिवशी दुपारी खोलीत नर्सताईंची पावले वाजली. अक्का तोवर एका डोळ्याला पट्टी बांधून परत आल्या होत्या.

"ये गं, बस," अक्का म्हणाल्या. आवाजात नेहमीची ऊब नव्हती.

"बसायला वेळ नाही, अक्का. ही त्या दिवशीच्या कामकाजाची प्रत. कच्ची आहे, पण शिक्क्याची आहे. पान चाळीस."

कागद उलटल्याचा आवाज आला. अक्कांनी वाचायला सुरुवात केली आणि दोन ओळींनंतर थांबल्या. मग पुन्हा पहिल्यापासून, हळू वाचले. मतदान मूळ विधेयकावर नव्हतेच. ते एका दुरुस्तीवर होते. दुरुस्ती अशी, की तपासणीचा अहवाल मालकाची संमती असेल तरच दारावर लावावा. होय म्हणणारे सदस्य विधेयकातला जीव काढून घेत होते. नाही म्हणणारे तो वाचवत होते. दुरुस्ती दोन मतांनी पडली होती. त्यातले एक मत नर्सताईंचे होते.

मित्रांनो, माझ्या सतराव्या रांगेत एकच खुंटी बरोबर होती. ती गैरहजर डॉक्टरांची.

"तू प्रश्न विचारलाच नाहीस," अक्का भावाला म्हणाल्या. "उत्तरं तेवढी लिहून घेतलीस. माझा तर एक डोळा बांधलेला आहे. तू दोन डोळ्यांनी काय पाहिलंस?"

"फोनवर तो होय-नाही सांगत होता..."

"आणि नऊ हिरव्या बघून तुला शंका आली नाही?"

काकांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. "अक्का, मी आत्ता पडदा ओढतो. पटाशीने दहाच्या दहा काढतो. अर्ध्या तासात रांग बदलून देतो, कोणाला कळणारसुद्धा नाही."

"पडदा?" अक्का म्हणाल्या. "कपाटातले कागद दारावर लावा म्हणून सहा वर्षं ओरडलास, आणि स्वतःची चूक पडद्याआड?"

नर्सताई म्हणाल्या, "काका, मला खुंटी बदलून नकोच आहे. पुढच्या गुरुवारी मूळ विधेयकावर मतदान आहे. पक्षातले मोठे म्हणतात, त्या दिवशी आजारी पडा. नाही पडले तर आरोग्य समितीतून काढतील. मी म्हटलं, मी नर्स आहे, आम्हाला आजारी पडायची सोय नसते. पण खरं सांगू? काल आई जेवताना माझ्याकडे बघत नव्हती. इकडून ते, तिकडून तुम्ही. मला एकदा वाटलं, पडावं आजारी. तुम्ही लोकांना खरं काय ते सांगा, म्हणजे मी तिथे उभी राहीन."

काकांनी पडदा ओढला नाही. त्यांनी खिडकी उघडली. भर दुपारी, थांब्यावर वीसेक माणसे असताना, ते हातात काळ्या रंगाचा डबा घेऊन रस्त्यावर आले, माझ्यासमोर. तेव्हा कुठे मी त्यांचा चेहरा नीट पाहिला. कान लाल झाले होते. सतराव्या रांगेभोवती त्यांनी काळी चौकट काढली आणि खाली लिहिले, 'या रांगेतील दहा खुंट्या चुकीच्या आहेत. मतदान कशावर होते, ते न पाहता लावल्या. चूक संघाच्या सचिवाची.' मग अठराव्या रांगेत बरोबर खुंट्या ठोकल्या. नऊ लाल, एक पांढरी, एक हिरवी.

"काका, चौदा वर्षांत पहिली ना?" कोणीतरी विचारले.

"सापडलेली पहिली," काका म्हणाले. "आता मागच्या सगळ्या पुन्हा तपासतो."

हे उत्तर मी अजून विसरलेलो नाही. माणूस चुकतो तेव्हा त्याची उंची कमी होते असे मला वाटत होते. त्या दुपारी ते तसे दिसले नाही.

तासाभरात खोलीतला फोन वाजू लागला. चुकीची हिरवी मिळाल्यावर तीन दिवस ज्या नऊ जणांपैकी एकानेही तोंड उघडले नव्हते, त्यांतल्या सात जणांना आता तक्रार होती. अक्का प्रत्येकाला एकच वाक्य सांगत होत्या.

"साहेब, पान चाळीस. तुमचंच मत वाचून दाखवू का?"

गुरुवारी अक्का एका डोळ्याने सभागृहाच्या प्रेक्षक सज्जात जाऊन बसल्या. परत आल्यावर त्यांनी सांगितले, ते मी पाठीने ऐकले. विधेयक आवाजावरच निकालात काढायचे ठरले होते. नाहीचा आवाज मोठा झाला. अध्यक्ष निकाल सांगणार, तोच शेवटून दुसऱ्या बाकावर नर्सताई उठल्या.

"मतविभागणी हवी."

"कोणीतरी हसलं," अक्का म्हणाल्या. "शेजारच्यानं पदर ओढावा तसं फाईल ओढून तिला खाली बसवायला बघितलं. ती बसली नाही. म्हणाली, माझं नाव लिहून घ्या आणि सगळ्यांची घ्या. मग काय, उठावं लागलं सगळ्यांना. कोण कुठल्या दारानं जातंय ते सगळं सभागृह बघत होतं."

विधेयक सात मतांनी मंजूर झाले. आमच्या नऊ लालांपैकी चौघे त्या दिवशी होयच्या दाराने गेले. ते माझ्यामुळे गेले, असे मी म्हणणार नाही. मनातले कारण प्रतीत छापलेले नसते, आणि जे छापलेले नाही ते लिहायचे नाही, हे काका पुन्हा कधी विसरले नाहीत. नर्सताईंना आरोग्य समितीतून काढले, हे मात्र छापून आले. त्याला त्यांनी एका ओळीचे उत्तर दिले, की आता दवाखान्यांना भेटी द्यायला जास्त वेळ मिळेल. त्या भेटींची यादीही त्या दर महिन्याला संघाकडे पाठवत.

पुढची निवडणूक झाली तेव्हा काका हातोडी घेऊन माझ्या पाठीमागे आले. खुंट्या पाडायची वेळ झाली होती. अक्कांनी त्यांचा हात धरला. "हा असाच राहू दे. दुसरा करून घे." दुसरा फळा झाला आणि मी निघालो. काही वर्षे मी संघाच्या मोरीजवळ भिंतीला टेकून होतो. माझ्यावर ओल्या छत्र्यांचे ओघळ आले, कोणीतरी कॅलेंडर अडकवले. ते दिवस मी मोजले नाहीत. मग सार्वजनिक वाचनालयाने मला मागून नेले. आता मी मुलांच्या विभागात, जिन्याशेजारी आहे.

मित्रांनो, मागच्या आठवड्यात रंगारी आला होता. वाचनालय स्वच्छ करायचे चालले आहे. तो ग्रंथपाल बाईंना म्हणाला, "याला घासून पॉलिश मारतो. ती काळी चौकट आणि खालची अक्षरं तेवढी उडवू, घाण दिसतात. एकदम नवा दिसेल." बाईंनी अजून होकार दिलेला नाही, नकारही दिलेला नाही. म्हणून तुम्हाला विनंती करतो. माझ्यावरची धूळ पुसा, कडेची सैल झालेली पट्टी ठोका, ऊन लागू देऊ नका. पण सतराव्या रांगेला हात लावू देऊ नका. तिथे एका बाईने एकटीने दिलेले मत आहे आणि एका म्हाताऱ्याने भर रस्त्यात मान्य केलेली चूक आहे. बाकीच्या खुंट्या खऱ्या आहेत, हे लोक त्या रांगेमुळेच मानतात.

आणि उद्या तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यासाठी कोणीतरी कुठेतरी मत देईल. ते होय म्हणाले की नाही म्हणाले, हे जरूर विचारा. पण त्याआधी विचारा, त्यांना प्रश्न काय विचारला होता.