दोन डब्यांतल्या माश्या

बाजारामागचा हॉल चिक्कार भरला होता. मधुमहाराजांच्या उघड्या दंडावर दहा-बारा मधमाश्या फिरत होत्या आणि एकही डसत नव्हती.

"कोर्टाला साक्षीदार लागतात, माझ्या माशीला लागत नाहीत!" महाराज गरजले. "तिला पाप कळतं. निर्मळ माणसाला ती डसत नाही, पाप्याला सोडत नाही!"

लोकांनी हात जोडले.

आता माश्यांच्या डब्यात हात घालायची पाळी एका सुताराच्या सुनेची होती. सासू तीन आठवड्यांपूर्वी अचानक गेली. सुनेनंच काहीतरी खाऊ घातलं, असं महाराजांनी सांगितलं आणि सासऱ्यानं, म्हाताऱ्या सुतारानं, ते खरं मानलं. तिला इथं त्यानंच आणलं होतं.

"बाबा, मागं एकच माशी चावली तर माझा श्वास कोंडला होता," ती कुजबुजली. "तुम्हीच दवाखान्यात नेलंत ना? बोला ना काहीतरी!"

सुतार महाराजांच्या हातांकडं बघत राहिला.

महाराजांनी दंडावरच्या माश्या पांढऱ्या डब्यात झटकल्या, झाकण लावलं आणि शेजारचा निळा डबा पुढं ओढला. सुतारानं ते पाहिलं. डबा का बदलला? चाळीस वर्षं त्यानं मधपेट्या बनवल्या होत्या. तो पुढं झाला आणि त्यानं पांढऱ्या डब्याच्या जाळीतून आत पाहिलं. जाडजूड अंगाच्या, मोठ्या डोळ्यांच्या माश्या.

"थांबा. आधी माझी परीक्षा घ्या."

"तुमची कशाला, काका?" महाराजांनी विचारलं.

"काल गिऱ्हाइकाला खोटा वायदा केलाय."

लोक हसले. तोवर त्याचा हात पांढऱ्या डब्यात गेलाही होता. माश्या बोटांवर चढल्या, काही झालं नाही. मग त्यानं निळा डबा उघडून त्यात हात घातला. कोपरापर्यंत कळ गेली. त्यानं झाकण दाबून बंद केलं.

"महाराज, मघाशी पुण्यवान होतो. अर्ध्या मिनिटात कोणतं पाप केलं मी?"

"माशी कोपली..."

"कोपली कसली! पांढऱ्यात नर आहेत, नराला नांगीच नसते. निळ्यात कामकरी माश्या आहेत. हात आत आला की त्या डसणारच, हात साधूचा असो की चोराचा. खोटं वाटत असेल तर घाला तुमचा हात."

"घाला, घाला!" मागून एक आजी ओरडली. महाराज दाराकडे बघू लागले.

सुतार लोकांकडं वळला. "हिच्या सासूचं हृदय कमजोर होतं. डॉक्टरांनी वर्षापूर्वीच मला सांगितलं होतं. पण मला कुणीतरी दोषी हवं होतं, ते यांनी दाखवलं. आज ही मेली असती तर खून मी केला असता. माणूस गेलं की रडा. डॉक्टरांना विचारा, चार जणांना विचारा. पण घरच्या माणसाचा जीव असल्या डब्यात घालू नका."

सुनेनं त्याच्या मनगटात रुतलेली नांगी नखानं खरडून काढली. मग ती एकटीच दाराबाहेर पडली.