रिकाम्या रकान्यातला नंबर

आमच्या कंपनीत माणसं एकशे चाळीस आणि ईमेलखालच्या सह्यांच्या तऱ्हाही तेवढ्याच. विक्रीवाल्याच्या नावाखाली एक गुलाब उमलायचा, मिटायचा आणि परत उमलायचा. हिशेबवाली रोज नवा सुविचार चिकटवायची. एकाने तर सात वर्षांपूर्वीचाच हुद्दा ठेवला होता, कारण नंतरचा त्याला पसंत नव्हता. शेवटी एका मोठ्या गिऱ्हाइकाने साहेबांना विचारलं की हा गुलाब कशासाठी, आणि साहेबांचं डोकं फिरलं. महिनाअखेरीच्या आत सगळ्यांच्या सह्या एकसारख्या करा, असं फर्मान निघालं. कंपनीचे कॉम्प्युटर सांभाळणारी मी एकटीच, त्यामुळे काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं.

कामाची रीत सोपी होती. यापुढे कोणी आपली सही आपण लिहायची नाही. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक मेलखाली कंपनीचा सर्व्हरच सही चिकटवणार, आणि नाव, हुद्दा, ऑफिसचा फोन हे सगळं कर्मचाऱ्यांच्या यादीतून उचलणार. यादीत फोनचा रकाना रिकामा असेल तर सहीत त्या जागी कुठला नंबर दाखवायचा, तिथे मी चाचणीपुरता माझा मोबाईल नंबर टाकला. चाचणी पार पडली, गुलाब गेला, साहेब खूश झाले. नंबर तिथून काढायचा मात्र राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा फोन वाजला. एक बाई विचारत होत्या की मशीनचा पट्टा कुठे मिळेल. आमची कंपनी शिलाई मशीन बनवते. मी त्यांना विचारलं, हा नंबर तुम्हाला कुठून मिळाला. तुमच्याच मेलखाली आहे की, त्या म्हणाल्या. फोन ठेवेपर्यंत माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला होता. यादी उघडून पाहिली. नऊ जणांचे रकाने रिकामे होते. आठ जण कारखान्यातले, वर्षाकाठी एखादा मेल पाठवणारे. नववे नटबोल्ट.

नटबोल्ट म्हणजे आमचे सुट्या भागांचे टेबल सांभाळणारे गृहस्थ. हे नाव कोणी ठेवलं ते आता कोणालाच आठवत नाही, तेही त्या नावाला ओ देतात. गिऱ्हाइकाला जुन्या मशीनचा कुठलाही भाग हवा असला की मेल त्यांच्याकडे जातो. दोन महिन्यांपूर्वी त्यांचं टेबल गोदामाच्या मागे हलवलं आणि त्यांना नवा फोन दिला. तो नंबर ते आपल्या सहीत स्वतः लिहायचे. यादीत चढवायचं काम माझं होतं आणि मी ते केलं नव्हतं. नव्या पद्धतीने त्यांची सही पुसली आणि तिथे माझा नंबर बसवला.

दुरुस्ती दोन मिनिटांची होती. मी स्वतःला सांगितलं, जेवण झालं की करू.

जेवताना पुन्हा फोन आला. घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती. आई रोज याच वेळेला फोन करायची. तिच्या हिशेबाने माणूस एकला डबा उघडतो आणि दहा मिनिटांत त्याला बोलण्याइतकी फुरसत होते. जेवलीस का, भाजी कुठली होती, आणि बाकी काय. बाकी कधीच काही नसायचं. मी तिच्यावर खेकसायचे की ऑफिसात काम असतं गं. आई जाऊन चौदा महिने झाले. त्यानंतर माझा फोन वाजलाच तर कर्ज हवंय का, हे विचारायला.

हा फोन एका म्हाताऱ्या शिंप्याचा होता. दुकान एकला बंद करून ते घरी येत आणि निवांतपणे फोन लावत. त्यांच्या तीस वर्षांच्या मशीनचं शटल झिजलं होतं. शटल म्हणजे सुईखाली दोरा फिरवणारा तुकडा, तो गेला की मशीन म्हणजे नुसतं टेबल. मेल सुनेने पाठवला होता, त्यावर नटबोल्टांनी फोनवर बोलूया असं उत्तर दिलं होतं, आणि त्यांचाही विश्वास बोलण्यावरच. मी म्हटलं, बघते, उद्या सांगते. फोन ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, "जेवलात का बाई?"

त्या दिवशी मी दुरुस्ती केली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

सतरा दिवस चाललं हे. दिवसाला सहा-सात फोन. कोणाला सुया हव्यात, कोणाच्या मशीनचं पायडल कुरकुरतंय, एकीने तर मशीन बाजूला ठेवून जावयाचंच गाऱ्हाणं सांगितलं. सोपी कामं मी दुकानदारांकडे परस्पर ढकलायचे, अवघड असली की "बघते" म्हणायचे. नटबोल्टांकडे पाठवलं असतं तर प्रत्येकाचं काम झालं असतं, पण मग माझं बिंग फुटलं असतं. शिंपीकाका रोज एक दहाला फोन करत. शेजाऱ्याच्या मशीनवर रात्रीपुरतं काम उरकत होते बिचारे, तरी कधी आवाज चढवला नाही. मी रोज "उद्या सांगते" म्हणायचे आणि डबा घेऊन फोनसमोर बसायचे. मला लाज वाटत होती. लाज बाळगूनही मी खूश होते, हे त्याहून वाईट.

अठराव्या दिवशी साहेबांच्या सेक्रेटरीने नटबोल्टांच्या टेबलावर आलेल्या फोनचा अहवाल मागवला. तो काढणारीही मीच. सतरा दिवसांत अकरा फोन आले होते. सगळे एकाच नंबरवरून, एकेक दोन-तीन सेकंदांचा. कोण हा, म्हणून मी तो नंबर शोधला. तो नटबोल्टांचा स्वतःचा मोबाईल होता.

मला कळायला वेळ लागला नाही. आपला फोन चालू आहे की बंद, हे तो माणूस स्वतःच लावून बघत होता.

सेक्रेटरी पुढे म्हणाली की गिऱ्हाइकं फोनच करत नसतील तर ते टेबल ठेवायचं कशाला, असं साहेबांचं मत आहे. या महिन्यानंतर नटबोल्टांना मोकळं करतील. मी अहवाल हातात घेऊन तडक साहेबांच्या खोलीत गेले. सगळं सांगितलं. माझ्या मोबाईलवरची आलेल्या फोनांची यादी त्यांच्यापुढे धरली. एकशे बारा फोन होते.

साहेब बराच वेळ बोट फिरवत ती यादी बघत राहिले. "तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी."

"दुरुस्त करायला किती वेळ लागतो?"

"दोन मिनिटं."

"मग इतके दिवस काय करत होतात?"

"फोन घेत होते," मी म्हणाले. "मला कोणाचे फोन येत नाहीत, साहेब. आई गेल्यापासून एकही नाही. हे यायला लागले, ते माझ्याने बंद करवले नाहीत."

साहेबांना रागवायचं होतं, पण ते त्यांना नीट जमेना. त्यांनी पेनाचं टोपण उघडलं आणि लावलं. मग म्हणाले, टेबल राहील. मला मात्र लेखी ताकीद मिळेल. मी मान डोलावली. त्यांच्या सहीची ती ताकीद संध्याकाळी मेलने आली, आणि मेलखालची सही नियमाप्रमाणे अगदी नीट दिसत होती.

पण त्याआधी, साहेबांच्या खोलीतून निघाल्यावर मी जागेवर आले, रकान्यात नटबोल्टांचा नंबर भरला आणि माझा काढला. खरंच दोन मिनिटं लागली. मग गोदामामागे गेले. त्यांच्या टेबलाखाली एक खोकं होतं, त्यात त्यांचा चहाचा कप आणि चष्म्याचं घर भरून ठेवलेलं. त्यांना उडत उडत कळलं असावं. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्यांनी टेबलावरचा फोन उचलून कानाला लावला आणि परत ठेवला.

"म्हणजे फोन चांगला होता," ते म्हणाले.

मला त्यांनी दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं की कोणाचं काय अडलंय. मी शिंपीकाकांच्या मशीनचं सांगितलं. ते उठले, मागच्या कपाटातला एक खण ओढला आणि तेलकट कागदात गुंडाळलेलं शटल माझ्या हातावर ठेवलं. सतरा दिवस ते माझ्यापासून एका जिन्यावर होतं.

एक दहाला फोन वाजला. शिंपीकाकांकडे माझाच नंबर होता.

मी सांगितलं की शटल मिळालंय, आजच पाठवतायत. ते इतके हरखले की आतल्या खोलीतल्या सुनेला हाक मारून सांगितलं. मग मी म्हटलं, आता एक नंबर लिहून घ्या, यापुढे काही लागलं तर इथे फोन करा. त्यांनी एकेक आकडा परत म्हणत लिहून घेतला.

"आणि हा नंबर?"

"हा चुकून आला होता, काका. खोडून टाका."

"चुकून कसा? रोज तर तुम्हीच उचलायचात."

पलीकडे वही उलटल्याचा आवाज आला, मग पेन्सिलीचा.

"खोडला बघा," ते म्हणाले. "बरं, जेवून घ्या आता."

फोन बंद झाला. मी डबा उघडला.