शेठचा उपास

धम्मरत्न गेला तो छातीत कळ येऊन, वरवट बकालच्या बसथांब्यावर, संग्रामपूरची गाडी यायच्या दहा मिनिटं आधी. शाळेच्या प्रयोगशाळेत नोकरी आणि बाकीच्या वेळात सर्पमित्र, असा बारा वर्षांचा त्याचा क्रम होता. पंचक्रोशीतल्या निम्म्या न्हाण्यांतून त्यानं नाग, घोणस, धामण काढून रानात सोडले होते. असा माणूस साध्या हृदयविकारानं जावा, ह्याचा गावाला जरा अपेक्षाभंगच झाला. भेटायला आलेला जो तो आधी हळू आवाजात विचारी, "कुठं चावला?" चावलाच नाही हे कळलं, की फेरा फुकट गेल्यासारखा चहा पिऊन उठे.

त्याची बायको सारिका प्रत्येकाला तेच उत्तर देई, त्याच आवाजात. ती रडली नव्हती. तिसऱ्या दिवशी तिनं दोन भाकरी आणि मिरचीचा ठेचा खाल्ला होता. भाकरी दोन होत्या हे गावात सगळ्यांना माहीत होतं. तिला भूक लागे असं नाही. जेवायची वेळ झाली की ती जेवे, झोपायची वेळ झाली की आडवी होई. दाताचा डॉक्टर सुई टोचतो आणि मग गाल आपला असून आपला राहत नाही, तशी ती सगळीच्या सगळी झाली होती.

रडण्याचं काम घरात दुसऱ्यानं अंगावर घेतलं होतं. त्याचं नाव शेठ.

शेठ म्हणजे धम्मरत्नचा अजगर. रानातला नव्हे, आपल्याकडचा अजगर घरात ठेवला तर माणसाला तुरुंगात ठेवतात. हा आफ्रिकेकडचा, बॉल पायथन नावाचा, पावणेचार फुटांचा, तपकिरी अंगावर पिवळट ठिपके असलेला. पुण्याहून रीतसर पावतीनं आणलेला आणि सरकारदरबारी नोंदवलेला. त्या घरात कागदपत्रं पूर्ण असलेला तो एकटाच. दिवसभर बसून राहतो, पंधरा दिवसांतून एकदा खातो आणि कोणाला काही देत नाही, म्हणून धम्मरत्ननं त्याचं नाव शेठ ठेवलं होतं.

धम्मरत्न गेल्यापासून शेठनं अन्नाला तोंड लावलं नव्हतं. दर पंधरवड्याला फ्रीजरमधल्या डब्यातला एक पांढरा उंदीर बाहेर येई आणि होता तसाच उकिरड्यावर जाई.

ही गोष्ट पहिल्यांदा लक्षात आली ती सासूबाईंच्या, केसरबाईंच्या. मालकाच्या दुःखात मुक्या जनावरानं अन्न सोडलं, हे त्यांनी एकीला सांगितलं. दुसऱ्या दिवशी चौदा जणी बघायला आल्या. शेठ मागच्या खोलीत, अंधारात, प्लास्टिकच्या टबात, फुटक्या मडक्याखाली दडून बसायचा. दडलेलं दुःख कोणाला दिसणार? म्हणून धाकटा दीर प्रसेनजित अकोल्याहून माशांची मोठी काचपेटी घेऊन आला. ती ठेवली बैठकीत, धम्मरत्नच्या फोटोखाली, दोघांना एकमेकांचं तोंड दिसेल अशी. मडकं अंगणात गेलं. सकाळ-संध्याकाळ मेणबत्ती आणि उदबत्ती फोटोपुढे लागायची, ती आता आपोआप शेठपुढेही लागू लागली. जिल्ह्याच्या एका दैनिकात पाचव्या पानावर फोटोही छापून आला, 'मालकाच्या जाण्याने अजगराचा अन्नत्याग'. फोटोत सारिकाचा फक्त कोपर आला होता.

बाया काचेवर टिचक्या मारायच्या, आत बघायच्या आणि मग सारिकाकडे बघायच्या. ह्या दोन बघण्यांत जे काही म्हणायचं असे ते म्हणून व्हायचं.

केसरबाईंनी त्यावर कडी केली. जमलेल्या बायांपुढे त्या बोलून गेल्या, की शेठ खात नाही तोवर मीही खाणार नाही, फक्त चहावर राहीन. सत्तरीतली बाई. सारिकाला त्यांच्या गोधडीच्या घडीत बिस्किटांचा रिकामा पुडा सापडला. तिनं तो होता तसा परत ठेवला. पण बिस्किटांवर किती निभणार? केसरबाईंच्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकायला लागल्या होत्या.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात प्रसेनजितचा फोन आला. त्यानं ठरवून टाकलं होतं. येत्या रविवारी तो गाडी घेऊन येणार, शेठला अंबाबरव्याच्या जंगलात सोडणार. त्याला मरायचंच असेल तर मोकळं मरू द्या, आणि आईही जेवायला लागेल. सारिका बरं म्हणाली. फोन ठेवून तिनं धम्मरत्नची वही काढली. त्यात त्यानं शेठचं सगळं लिहून ठेवलं होतं, वजन, कात, खाणं. शेवटची ओळ त्याच्याच हातची होती. 'चार नोव्हेंबर. एक उंदीर. घेतला.' शेठ आपल्याला हवा आहे का, हे तिला सांगता आलं नसतं. पण ह्या ओळीखाली 'सोडला' असं आपल्या हातानं लिहायचं, हे काही तिला जमण्यासारखं वाटेना.

तिनं धम्मरत्नचा मोबाईल चार्जिंगला लावला. त्यात अजगर पाळणाऱ्यांचा एक ग्रुप होता. एकूण अकरा सभासद, पैकी नऊ जण सकाळी गुलाबाची फुलं पाठवण्यापुरते. उरलेले दोघं म्हणजे खामगावचे शकीलभाई आणि जळगाव जामोदचे गुलाबराव गुरुजी. शकीलभाईंचं काच आणि फ्रेमचं दुकान, घरात चार अजगर. गुरुजी विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, दोन अजगर. सहा वर्षं दोघांचा वाद चालला होता, अजगराखाली नारळाचा भुसा घालावा की जुनं वर्तमानपत्र. सारिकानं लिहिलं, 'शेठ आठ आठवडे खात नाही. रविवारी त्याला जंगलात सोडणार आहेत.' मंगळवारी सकाळी दोघं एकाच मोटारसायकलवर दारात हजर झाले. वाटेत बोलले नसावेत.

शकीलभाईंनी काचपेटी बघितली आणि कपाळाला हात लावला.

"भाभी, याले काचीत कोनं टाकलं? आपला धंदा काचीचा हाय, तरी सांगतो. चारी बाजूनं काच, वरून हे धूर. तुमाले बसवलं असं चौकात, त तुमी जेवसान?"

त्यांनी जंगलाचं ऐकलं होतं, त्यावर ते थोडक्यात बोलले. हा परदेशी जीव, जंगलात सोडणं गुन्हा, आणि ह्या थंडीत तो तिसरा दिवस बघणार नाही.

मग शिकवणी सुरू झाली. हात आधी साबणानं धुवायचे, नाहीतर तो बोटांना जेवण समजेल. डोक्याकडून जायचं नाही, मधोमध दोन्ही हातांनी उचलायचं, आणि घाबरलो तर घाबरलो, पण झटका द्यायचा नाही. "भेव वाट्टे का?" गुरुजींनी विचारलं. सारिकानं जरा शोधून बघितलं आणि नाही म्हणाली. तिनं शेठला उचललं. तो थंड, कोरडा, पोटाशी जड होता. तिच्या मनगटाला त्यानं एक सावकाश वेढा घेतला आणि तसाच राहिला. दोन महिन्यांत तिला इतका वेळ कोणी धरलं नव्हतं, आणि धरून काही विचारलं नाही असं तर कोणीच नव्हतं.

"हात चांगला हाय तुमचा," शकीलभाई म्हणाले. "एकदम ठंडा."

शेठला उशीच्या अभ्र्यात घालून स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवलं. नोव्हेंबरात तेराशे चाळीस ग्रॅम, आता अकराशे नव्वद. गुरुजींनी त्याची टक्केवारी तोंडी काढली आणि चेहरा गंभीर केला. थंडीत नर दोन-दोन महिने खात नाहीत, त्याचं एवढं काही नाही, पण इतकं वजन उतरू नये. नाकही काचेला घासून लाल झालं होतं.

"त हा दुःखात नाही?" सारिकानं विचारलं.

"पोरी, याले दुःख गिख काही नाही," गुरुजी म्हणाले. "याले लोकं पाहून राह्यले इतके हफ्ते. लोकं पाहत असताना कोणाच्या गळ्याखाली घास उतरते?"

दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं, आणि ते झाल्याचं दोघांनाही आवडलं नाही. शेठला पुन्हा मागच्या खोलीत न्यायचं, जुन्या टबात, त्याच मडक्याखाली. खालची गरम चटई चालू, एक बाजू बत्तीस अंशांवर, दुसरी सव्वीस. टबावर जाड कापड. चार दिवस खोलीत कोणी पाय ठेवायचा नाही, सारिकानंसुद्धा फक्त पाणी बदलायला. शनिवारी दिवेलागणीला उंदीर द्यायचा. रविवारी सकाळी प्रसेनजित येणार, म्हणजे संधी एकच.

केसरबाई हे सगळं भिंतीला टेकून ऐकत होत्या. मोटारसायकलचा आवाज लांब गेल्यावर काचपेटीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"फोटोसमोरून उचलू नको त्याले."

"आई, तो मरन इथं."

"तुह्या डोयाले पाणी नाही आलं एक डाव. लोकं मले विचारतात, मी काय सांगू? घरात एक रडणारं हाय, त त्यालेबी उचलून नेतं?"

सारिका उभी राहिली. तिनं हात साबणानं धुतले, शेठला मधोमध उचललं आणि मागच्या खोलीत नेलं. मग अंगणातून मडकं आणलं, त्यातला कोळी झटकला. केसरबाई रिकाम्या काचपेटीपुढे बसून राहिल्या. संध्याकाळी त्यांनी मेणबत्ती लावली ती फक्त फोटोपुढे.

चार दिवस बायका येत होत्या आणि परत जात होत्या. नियम आहे, एवढंच सारिका सांगे. नियम कोणाचा हे कोणी विचारलं नाही. डॉक्टरचा असावा असं समजून सगळ्या मान हलवत. काही जणी रिकामी काचपेटी बघून गेल्या. चौथ्या दिवशी कोणीच आलं नाही. बसथांब्याजवळ कोणाच्या तरी म्हशीला तीन पायांचं रेडकू झालं होतं.

शनिवारी दुपारी सारिकानं फ्रीजरमधला डबा काढला. त्यावर धम्मरत्ननं 'मटार' असं लिहिलेलं होतं, आईनं उघडू नये म्हणून. आणि एकदा मटारभातासाठी आईनं तो उघडलाही होता. उंदीर आधी साध्या पाण्यात, मग गरम पाण्यात. नंतर कोरडा करून, लग्नात आहेर आलेल्या केस वाळवायच्या यंत्रानं त्याचं डोकं तापवायचं. ते यंत्र नऊ वर्षांत पहिल्यांदाच खोक्यातून बाहेर आलं. सारिका ओट्याशी उभी राहून मेलेल्या उंदराचे केस वाळवत होती आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं. तेवढा त्या दाताच्या सुईचा फायदा होता.

उंदीर कसा द्यायचा ह्यावर मात्र ग्रुपवर रणकंदन चालू होतं. शकीलभाईंचं म्हणणं, चिमट्यानं हलवायचा, जिवंत वाटला पाहिजे. गुरुजींचं म्हणणं, मडक्याच्या तोंडाशी ठेवायचा आणि निघून यायचं. सारिकानं मोबाईल पालथा घातला. चिमट्यानं उंदीर धरला, दोनदा हलवला, मडक्याच्या तोंडाशी ठेवला, टबावर कापड टाकलं आणि खोलीच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसली.

बाहेर कोणीतरी गायी हाकत नेल्या. मग बराच वेळ काही नाही. मग टबात धप्प असा आवाज झाला, मडकं टबाच्या भिंतीवर आपटलं आणि पुन्हा शांत झालं.

ती वळली नाही. गुरुजींनी अर्धा तास सांगितला होता, तिनं पाऊण तास धरला. कापड उचललं तेव्हा उंदीर नव्हता. शेठ मडक्याखाली होता, आणि गळ्याच्या खाली एक गोळा हळूहळू मागे सरकत होता.

तिनं प्रसेनजितला फोन करून सांगितलं, खाल्लं, गाडी आणू नको. त्यानं विचारलं, आईला सांगितलं का?

आईला सांगायचं बाकी होतं. केसरबाई बैठकीत बसल्या होत्या. सारिका दारात उभी राहिली तशी त्यांनीच विचारलं.

"घेतलं?"

"हाव."

केसरबाईंनी फोटोकडे पाहिलं. "मंग विसरला तोबी," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं पदराशी चाळा करत म्हणाल्या, की आता आपण जेवायचं कसं? उद्या बाया येतील, पाटावर बसलेलं बघतील, म्हणतील म्हातारीचं दुःख दोन महिन्यांत सरलं.

सारिका स्वयंपाकघरात गेली. तव्यावर दोन भाकरी टाकल्या, वांग्याची भाजी गरम केली. ताट मागच्या खोलीत नेऊन टबाशेजारी पाट मांडला. मग येऊन केसरबाईंना दंडाला धरून उठवलं, मधोमध, झटका न देता.

"आई, तुमी इथं जेवा. मी पडदा लावतो. कोणी येत नाही अन् मी पाहत नाही."

केसरबाई काहीतरी म्हणणार होत्या, पण भाकरीचा वास आधी पोचला. सारिकानं दाराला जुनं लुगडं अडकवलं आणि आपलं ताट घेऊन अलीकडे, पाठ करून बसली. रोजची वेळ झालीच होती. तिनं घास मोडला, तोंडात घातला.

पडद्यामागे आधी काही नव्हतं. मग भाकरी मोडल्याचा आवाज आला. मग दुसऱ्यांदा, जरा घाईनं.

सारिकाच्या तोंडातला घास तिथंच राहिला. तिनं चावून बघितला, पाणी पिऊन बघितलं. तो खाली जाईना. दोन महिने चार-चार घास बिनबोभाट गेलेल्या गळ्यात आता काहीतरी येऊन बसलं होतं, आणि ते मागेही सरकत नव्हतं.

"सारिका," पडद्यामागून आवाज आला. "मीठ कमी झालं वं भाजीत."

हाव म्हणायला तिनं तोंड उघडलं, पण आवाज निघाला तो दुसराच. भाकरी मोडायची थांबली. पडद्यामागून कोणी डोकावून पाहिलं नाही.