नवरदेवाचा चाकू

"पांढरा पायनी पोर शे हाई!" नवरदेवाची आत्या मांडवात हात नाचवत ओरडली. "आजून अक्षता पडन्यात नही, तं मगननं बोट कापाई गयं!"

हळद लागल्यापासून नवरदेवाने लोखंड हातातून सोडायचे नाही, म्हणून मगनच्या मुठीत घडीचा चाकू होता, टोकाला लिंबू. मांडवाच्या दारात रेटारेटी झाली, लिंबू खांबाला अडले आणि पाते मिटून थेट बोटावर आले. झाले ते एवढेच. पण बोल लागला कुंदाला. आत हिरवा चुडा भरून बसलेल्या, चाकू डोळ्यांनीही न पाहिलेल्या पोरीला. एरंडोलला आलेले वऱ्हाड तसेच धुळ्याला माघारी न्यायची भाषा सुरू झाली.

दाराआडून लेकीचा हुंदका आला आणि ताईबाईच्या कधीच आटलेल्या छातीत कळ उठली. पदर खोचून ती बाहेर आली.

"चाकू द्या, आबा."

"इलायती चाकू शे," मगनचे वडील जीवराम आबा फिसकारले. "खटका कसा खट्‌ वाजस! त्यामा काय देखानं, ईहीनबाई?"

"वाजस तो. पन पातं धरस का?"

तिने टोकाचे लिंबू काढून पाते उघडले. खटका वाजला. बोटे पात्याच्या वाटेत येऊ नयेत अशी तिने मूठ मागून धरली आणि पाते मिटते त्या खाचेवर, बोटाच्या जागी, एक हिरवी मिरची आडवी ठेवली. मग झोपल्या लेकराला थोपटावे तितक्या हलक्या हाताने पात्याची पाठ चौरंगाच्या कडेवर टेकवली.

पाते मिटले. मिरचीचे दोन तुकडे खाली पडले.

"आते सांगा! मनी पोरना पाय कोठे लागना याले?"

आत्या हटेना. "चाकूले काय बोल लावतस? थोरलाना लगीनमाबी हाऊच चाकू व्हता. त्याना हातबी असाच कापाई गया. तवयबी नवरीच तशी व्हती!"

सगळ्यांचे डोळे थोरल्या सुनेकडे वळले. झुंबरबाई वऱ्हाडाच्या ट्रंकांपाशी राखणीला उभी होती. लग्न होऊन आली तेव्हापासून तिच्या हातचे कुंकू सासरी कुणी लावून घेतले नव्हते.

ती चौरंगापाशी आली. "माले द्या, मावशी."

ताईबाईने चाकूची मूठ तिच्याकडे केली. "मागथीन धर, माय," ती एवढेच म्हणाली.

झुंबरबाईने पाते उघडले, पाठ टेकवली. मिटले. पुन्हा उघडले. पुन्हा मिटले. आत्या दोन पावले मागे सरकली.

"झुंबर, मुहूर्त टळस," आबा हळूच म्हणाले.

तिने मान वर केली नाही. पाते पुन्हा उघडले.